एकोणिसाव्या मिशनचा चार्ज

प्रत्येक घरात जुन्या चार्जरच्या वायरी टाकलेला एक ड्रॉवर असतो. एक वायर ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आमच्या तिघांचं बोलणं तसंच आहे. मी, भानुदास आणि रफिक. चहाच्या टपरीवर कुणीतरी नुसतं "त्या सहा मालगाड्या..." म्हणतो आणि पुढचा तास गेलाच म्हणून समजा. बाजूला बसलेल्या माणसाला वाटतं, हे रेल्वेत कामाला असावेत.

आम्ही रेल्वेत नाही. वाळूजच्या एका कारखान्यात, पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस शॉपमध्ये आहोत. मी आणि भानुदास ऑपरेटर, मशीन एकच, तो फर्स्ट शिफ्टला आणि मी सेकंडला. रफिक मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. आणि त्या मालगाड्या अंतराळातल्या आहेत, कॉम्प्युटरवरच्या गेममधल्या. तिघंही चाळिशीच्या पुढचे, दोघांना चष्मा, एकाला शुगर, आणि सुट्टीच्या दिवशी भानुदासच्या रांजणगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून विमानं पाडतात! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं सगळंच हसण्यासारखं नाही.

* * *

गेम आधी माझ्या घरी आला, हे कबूल केलं पाहिजे.

भाच्यानं लॅपटॉप घेतला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर मुकुंदवाडीला आमच्याकडं आणून ठेवला. त्यात हा गेम होताच. आपण एका छोट्या लढाऊ यानात बसलेलो. समोर काळं आकाश, दगड उडतायत, शत्रूची यानं अंगावर येतायत. खाली दोन पट्ट्या. एक आपल्या कवचाची, एक गोळ्यांची. कवचाची पट्टी संपली की स्क्रीन लाल होतो आणि मिशन फेल. फार डोकं लागत नाही. हात आणि डोळा एका लयीत पाहिजेत, बस्स. प्रेसवर वीस वर्षं तेच केलं होतं, त्यामुळं मला जमायला लागलं. जमायला लागलं म्हणजे लागलंच.

सेकंड शिफ्टमुळं सकाळ सगळी मोकळी. चहा घेतला की मी अंतराळात. शिफ्टच्या बसमध्ये ड्रायव्हरनं कट मारला की माझं अंग आपोआप उलट्या बाजूला झुकायचं. एकदा बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात एक ट्रक आडवा आला तेव्हा माझा डावा अंगठा मांडीवर मिसाइलचं बटण शोधत होता. शेजारचा म्हणाला, "मिलिंद, दवाखान्यात दाखव."

माझी बायको सुजाता कमी बोलते. एक दिवस अकराच्या सुमारास ती दारात येऊन उभी राहिली. मी तेव्हा तिसऱ्यांदा एका मोठ्या जहाजावर चालून गेलो होतो. ती म्हणाली, "पृथ्वी वाचली की सिलिंडर बदला. भात अर्धा शिजलाय."

बदलला. पण मिशन संपवून बदलला, हे पण खरं आहे.

* * *

आता तो दिवस. हा किस्सा नाही, पण याच्याशिवाय बाकीचे कळणार नाहीत, म्हणून एकदाच सांगतो.

आमच्याकडं एक पद्धत आहे. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन मशीनपाशी उभा राहिल्याशिवाय आधीच्यानं जागा सोडायची नाही. याला चार्ज देणं म्हणतात. मशीनशेजारी लॉगबुक टांगलेलं असतं. त्यात ऑपरेटरचं नाव, मशीनची तक्रार, रिलीव्हरचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात तो वेळेवर आला की उशिरा. अकरा वर्षं भानुदासनं चार्ज दिला आणि मी घेतला. त्या रकान्यात माझ्या नावापुढं कधी उशिरा लागलं नव्हतं.

तो सोमवार होता. माझी गाडी भानुदासकडं होती. त्याचे वडील, आबा, लासूर स्टेशनच्या अलीकडं गावात राहतात. त्यांना डोळे दाखवायला शहरात आणायचं म्हणून आदल्या दिवशी त्यानं गाडी नेली होती. सोमवारी शिफ्ट बदलताना किल्ली देतो म्हणाला होता. म्हणून मला अडीचची बस पकडायलाच हवी होती.

मी एकोणिसाव्या मिशनवर होतो. सहा मालवाहू यानं, आम्ही त्यांना मालगाड्या म्हणतो, दगडांच्या पट्ट्यातून पलीकडच्या गेटपर्यंत सांभाळून न्यायची. निदान चार पोचली पाहिजेत. तीन गेली की फेल. दोन वाजता फेल झालो. म्हटलं एकदा अजून. घड्याळ बघितलं तेव्हा पावणेतीन झाले होते.

रिक्षा बदलत बदलत गेलो. नगर नाक्यावर खोळंबलो. गेटवर पोचलो तेव्हा पावणेपाच वाजत होते आणि आतून कंपनीची जीप येत होती. मी बाजूला सरून तिला वाट दिली. आत भानुदास होता, हे मला वॉचमननं सांगितलं.

शिफ्ट साडेतीनला संपली होती. माल अर्जंट होता, रिलीव्हर आला नव्हता, सुपरवायझर म्हणाला तोवर चालू दे. भानुदासनं चालू ठेवलं. त्या जॉबला, म्हणजे मशीनखालच्या त्या तुकड्याला, पायाचं पेडल होतं; दाबलं की प्रेस खाली येतो. हात आत होता आणि पाय पडला. उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अंगठीचं बोट गेलं. अंगठा आणि करंगळी राहिली.

सुपरवायझरनं विचारलं, का उशीर. माझ्या तोंडातून निघालं, "गाडी पंक्चर झाली." त्यानं तसं रिपोर्टमध्ये लिहून टाकलं.

दवाखान्यात दोन दिवसांनी शोभा वहिनी, भानुदासची बायको, बाहेर आल्या. त्याच्या खिशातल्या वस्तू एका पिशवीत होत्या. त्यांनी त्यातून एक किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "ही तुमची. त्या दिवशी निघतानाच म्हणत होते, मिलिंदला द्यायची ऱ्हाऊ नाय." गाडी कंपनीच्या स्टँडमध्ये सोमवार सकाळपासून उभी होती. ती पंक्चर झाली नव्हती, हे माझ्याशिवाय जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो आत पडलेला होता.

मी किल्ली घेतली. घरी येऊन कॉम्प्युटरवर चादर टाकली.

* * *

भानुदास घरी आला आणि त्यानं हात पंच्यात गुंडाळला. जेवायला डावा, दार उघडायला डावा. उजवा पंच्यात. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, दिवसातून शंभरदा दाबायला. तो चेंडू कॉटखाली जाऊन बसला होता. आबा गावाहून येऊन राहिले होते. ते रोज काठीनं चेंडू बाहेर काढायचे, भानुदासच्या शेजारी ठेवायचे, आणि दुपारपर्यंत तो परत कॉटखाली.

मी जायचो. बसायचो. चहा प्यायचो. डोळे सारखे त्या पंच्याकडं जायचे. तो भिंतीकडं बघत बसायचा.

रफिकला ते बघवेना. तो एक दिवस माझ्या घरी आला, चादर उचलून बघितली आणि म्हणाला, "मय्यत है क्या अंदर? चादर ओढाके रखा. दे मेरे कू, भानू के पास लेके जारा मैं."

मी नको म्हणालो. का नको, ते सांगता येईना. रफिकनं तोवर वायरी काढायला सुरुवात केली होती. स्कूटरवर मागं मी बसलो, मांडीवर मॉनिटर. मुकुंदवाडी ते रांजणगाव मी तो मॉनिटर कवटाळून गेलो. रस्त्याला जेवढे खड्डे लागले तेवढे मला पाठ आहेत.

* * *

रफिकनं छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून एक जुनी जॉयस्टिक आणली. धूळ पुसली, आतले कॉन्टॅक्ट घासले, चालू केली. मुठीला सायकलच्या हँडलचं रबर चढवलं, पकड यावी म्हणून. पण गोळी मारायचा खटका तर्जनीच्या जागी. भानुदासला तर्जनीच नाही.

रफिक मेंटेनन्सचा माणूस. हात चालत नसेल तर पाय चालेल, हे त्याच्या डोक्यात आपोआप आलं. त्यानं एक जुना फूट स्विच शोधला, खटक्याची वायर त्याला जोडली आणि टेबलाखाली ठेवला. स्वतः तीनदा दाबून बघितला. खूश होता बिचारा.

भानुदास त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर बसला. पंचा काढला. जॉयस्टिकवर हात ठेवला. महिन्याभरात पहिल्यांदा तो हात उघडा बघितला आम्ही. रफिक म्हणाला, "अब पाँव से दबा."

भानुदासनं खाली वाकून बघितलं. उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत आत आला नाही.

रफिकला कळायला दोन मिनिटं लागली. मग त्यानं पक्कड घेतली, स्विचची वायर मुळापासून कापली, आणि तो स्विच पिशवीत घालून निघून गेला. जाताना मला म्हणाला, "मैंच हौला, पागल. मारना मेरे कू." इतक्या वर्षांत रफिकचे डोळे भरलेले मी तेव्हाच बघितले.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. या वेळी जॉयस्टिकच्या डोक्यावर त्यानं दारावरच्या बेलचं बटण बसवलं होतं. अंगठ्यानं दाबायचं. पांढरं, मधे घंटीचं चित्र. भानुदासनं बराच वेळ बघितलं, मग टेबलाखाली वाकून बघितलं. काही नव्हतं. बसला. एक दगड समोर आला, त्यानं अंगठा दाबला, दगड फुटला.

आबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "मघापासून बेल वाजिवतोय. दार कोण उघडतंय का नाय?"

भानुदास हसला. फार नाही, थोडंसं. शोभा वहिनी ओट्याच्या बाजूला तोंड करून भांडी घासत होत्या, त्यांचे हात थांबले.

* * *

मग सुट्टी आली की आम्ही तिकडं, हे ठरून गेलं. बाकीच्या दिवशी तो एकटा खेळायचा, दुपारी. अठरा मिशनं झाली. एकोणिसाव्यावर गाडी अडली. मी अडलो होतो तिथंच. 

तिघांनी तीन आठवडे धडका मारल्या. दर वेळी तेच. शत्रूचं एक यान समोरून यायचं, दोन गोळ्या मारून लांब पळायचं. आम्ही त्याच्या मागं. त्याला पाडायचोही. वळून बघावं तर दोन मालगाड्या पेटलेल्या.

आबांना गेममधलं काही कळत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. जन्म मेंढरांमागं गेलेला. पाऊस सरला की कळप घेऊन बाहेर पडायचं, दिवसाला आठ-दहा कोस, असं त्यांचं आयुष्य. ते तीन आठवडे गप बसून बघत होते. चौथ्या आठवड्यात भानुदास परत त्या पळणाऱ्याच्या मागं सुटला आणि आबांनी काठी जमिनीवर आपटली.

"कुठं निघाला?"

"त्याला पाडतो ना आबा."

"त्यो तुला न्यायलाच आलाय. एक म्होरं पळतो, दोन मागं दबा धरून बसत्यात. लांडग्याच्या मागं जायचं नसतं, भान्या. मेंढरांत ऱ्हायचं."

भानुदासनं यान वळवलं. आणि मग तो नुसता त्या सहा गाड्यांभोवती फिरत राहिला. हळू. मालगाड्यांच्या चालीनं. जवळ आलं त्यालाच मारायचं, लांबच्याला सोडून द्यायचं. शत्रू लांबून हुलकावण्या देत होता, आम्ही दोघं मागून "तो बघ, तो बघ" करत होतो, आणि तो जागचा हलत नव्हता. पाऊण तास लागला. पाच गाड्या गेटमधून पार झाल्या. स्क्रीनवर पदक आलं, बँड वाजला. रफिकनं मला उचलून घेतलं!

आबा उठून स्क्रीनजवळ आले. बोट लावून मोजलं.

"सा व्हती ना?"

"चार पोचली तरी पास असतं, आबा," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघितलं. ते जागेवर जाऊन बसले. तेव्हापासून आमच्यात पाच म्हणजे पास नाही. सहाच्या सहा नेईपर्यंत एकोणिसावं परत परत खेळायचं, विसाव्याला कुणी हात लावायचा नाही. कुणी लावलाही नाही.

* * *

त्या दिवशी भानुदासनं पाऊण तास रेटला, पण एरवी वीस मिनिटं झाली की त्याचा हात थकायचा. मिशन पाऊण तासाचं. म्हणजे मधेच माणूस बदलणं आलं. इतर लोक अशा वेळी गेम थांबवतात, त्याला पी चं बटण असतं. भानुदासला ते पटलं नाही. म्हणाला, मशीन चालू ठेवून चार्ज देता येत नसंल तर वीस वर्षं काय केलं? मग रफिकनं कीबोर्डवरचं पी उचकटून काढलं आणि पाकिटात ठेवलं. मेंटेनन्सला फ्यूज काढून खिशात ठेवायची सवय असते, तशी. आता थांबवायचं म्हटलं तरी थांबवता येत नव्हतं.

मग सगळं शॉपसारखंच सुरू झालं. शंभर पानी वही आली, तिला लॉगबुक म्हणायचं. रकाने तेच. ऑपरेटर, तक्रार, रिलीव्हर, वेळेवर की उशिरा. भानुदास पेन धरत नसे, डाव्यानं यायचं नाही आणि उजव्यात धरायचा नाही. त्यामुळं लिहायचं काम माझ्याकडं. चार्ज घेणाऱ्यानं शेजारी उभं राहायचं, आधी नीट बघायचं काय चाललंय, मग मुठीवर हात ठेवायचा, आणि आधीच्यानं मगच सोडायचं.

लिहिणारा मी होतो म्हणून मला ते आधी दिसलं. भानुदास चार्ज द्यायचा तो रफिकला. रफिक मला द्यायचा. मी परत भानुदासला दिला तर तो घ्यायचा. पण त्याच्या ओळीत रिलीव्हर म्हणून माझं नाव कधीच आलं नाही. मी शेजारी उभा असलो तरी तो रफिकला हाक मारायचा. रफिक चहा पीत असला तरी थांबायचा, हात थकला असला तरी थांबायचा. पानंच्या पानं रफिक, रफिक, रफिक.

रफिकच्याही लक्षात आलं असणार. एकदा तो म्हणाला, "मिलिंद कू दे ना, मैं खा रहा हूँ." भानुदास म्हणाला, "खाऊन घे. मी हाय."

 मला वाटत होतं की मला कारण माहीत आहे. खोटं बोललेला मी, किल्ली त्याच्या खिशात होती, आणि अकरा वर्षांत एकदा उशिरा आलो त्या दिवसाची किंमत त्याच्या हातावर दिसत होती. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो चहा द्यायचा, सुजाता कशी आहे विचारायचा. फक्त चार्ज द्यायचा नाही. घरी येऊन मी सुजाताला सांगितलं. ती म्हणाली, "मग खरं सांगून टाका ना." मी म्हटलं सांगतो. पाच महिने गेले.

* * *

मधे एक डॉक्टरचा किस्सा झाला, तो राहायला नको.

कामावर परत घ्यायच्या आधी कंपनीनं भानुदासला तपासणीला पाठवलं. मी सोबत गेलो होतो. डॉक्टरांनी एक दाबायचं यंत्र दिलं, हात किती जोर लावतो ते बघायला. भानुदासनं अंगठा आणि करंगळीत धरून दाबलं. डॉक्टरांनी काटा बघितला, परत दाबायला लावलं, परत बघितला. म्हणाले, एवढी ताकद येत नाही सहसा, कसला व्यायाम करता?

भानुदास म्हणाला, "लांडगे हाकतो."

डॉक्टर थांबले. "रोज?"

"रोज दुपारी. सा मेंढरं हायेत, लई जपावं लागतंय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर 'पशुपालन' असं लिहिलं. मी तोंड रुमालात घालून बाहेर पळालो. टूल स्टोअरमध्ये हलक्या कामासाठी तो फिट ठरला. फर्स्ट शिफ्ट. कागदावर ते पशुपालन अजून आहे.

* * *

आता शेवटचा.

त्याच्या हजर होण्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. चार वाजता जमायचं ठरलं होतं. रफिक सकाळीच जालन्याला लग्नाला गेला होता, ते मला माहीत नव्हतं. मी पावणेचारलाच पोचलो.

शोभा वहिनींनी दार उघडलं. आबा कॉटवर आडवे. भानुदास खुर्चीत, आणि एकोणिसावं निम्म्याच्या पुढं गेलेलं. मागं जाऊन उभा राहिलो. मोजल्या. सहा. सहाच्या सहा. आजवर निम्म्यात सहा कधीच राहिल्या नव्हत्या.

मग अंगठा दिसला. बेलच्या बटणावर तो टिकत नव्हता. घसरायचा, परत ठेवायचा. कधीपासून खेळत होता कोण जाणे. करंगळी पांढरी पडली होती.

"रफिक कुठंय?" मी विचारलं.

"जालन्याला."

पी रफिकच्या पाकिटात, म्हणजे तेही जालन्याला. थांबवायची सोय नव्हती. खोलीत चार्ज घेणारा माणूस एकच होता. भानुदास त्याला हाक मारत नव्हता आणि मीही दे म्हणू शकत नव्हतो. कुठल्या तोंडानं म्हणणार? एक यान जवळ आलं, त्याचा अंगठा घसरला, पहिल्या मालगाडीचं कवच अर्धं गेलं. आबा उठून बसले.

मी म्हणालो, "भानुदास, गाडी पंक्चर नव्हती."

"ठावं हाय मला."

"त्या दिवशी मी हेच खेळत बसलो होतो. घरी. बस चुकली ती याच्यापायी."

त्यानं स्क्रीनवरून नजर काढली नाही. एक यान डावीकडून येत होतं, त्याला येऊ दिलं, जवळ आल्यावर मारलं. शोभा वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार. मला आता कशाचीच लाज वाटत नव्हती, नुसतं मोकळं आणि भयंकर वाटत होतं.

मग त्यानं विचारलं, "कितवं?"

"एकोणिसावं."

"किती गेली व्हती?"

"तीन."

 तो खुर्चीत एका बाजूला सरकला. निम्मी खुर्ची मोकळी केली. मूठ सोडली नाही.

"ये."

मी बसलो. मांडीला मांडी लागली. मी मुठीकडं बघत होतो, त्या हाताकडं, तिथं जे नव्हतं तिकडं. पाच महिने बघत आलो होतो तसंच.

"तुला चार्ज कामून देत नव्हतो, ठावं हाय का?" तो म्हणाला. "तू येतो अन् हाताकडं बघत उभा ऱ्हातो. जॉबकडं बघतच नाय. जॉबकडं न बघणाऱ्याला चार्ज कसा द्यावा माणसानं? तिकडं बघ."

मी स्क्रीनकडं बघितलं. काळ्यात सहा दिवे सरळ रेषेत चालले होते, हळूहळू. उजवीकडं दोन दबा धरून होते, एक समोर हुलकावणी देत होता. पहिली गाडी जखमी. गेट अजून लांब.

"दिसलं?"

"दिसलं."

मी मुठीवर हात ठेवला. त्याचा अंगठा आणि करंगळी माझ्या हाताखाली काही वेळ राहिली. माझी पकड बसली तशी त्यानं हात काढून घेतला आणि उठला.

मागं काय चाललंय ते मला बघता येत नव्हतं. समोरचा हुलकावणारा लांब पळाला, त्याला पळू दिलं. माझ्या शर्टाच्या खिशातून पेन गेलं, तेवढं कळलं. मग वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग बराच वेळ कागदावर पेन घासल्याचा आवाज, थांबत थांबत, पहिलीतलं पोर लिहितं तसा.

गेट आलं. आबा काठी टेकत स्क्रीनपाशी आले आणि बोट लावून मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार. पाच. मग जरा थांबले. "सा," म्हणाले, आणि कॉटवर जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले.

वही टेबलावर उघडीच होती. भानुदास मोरीवर हात धूत होता. अक्षर वाकडंतिकडं, ओळ सोडून वर चढलेलं, पण वाचता येत होतं. ऑपरेटर, भानुदास. तक्रार, नाही. रिलीव्हर, मिलिंद. आणि शेवटच्या रकान्यात, पेन दाबून दाबून दोनदा गिरवलेलं: वेळेवर.